वाळवंटांतील विमानतळ

विमानतळ म्हटला कीं शहरांत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढें मुंबईचा किंवा दिल्लीचा विमानतळ उभा राहतो. कांचेच्या उंच भिंती, सरकते जिने, मिनिटामिनिटाला चढणारीं-उतरणारीं विमानें आणि त्या गर्दींत हरवून गेलेला प्रवासी, असें त्या चित्राचें स्वरूप असतें. परंतु जगांतील पुष्कळसे विमानतळ असे नसतात. एक धांवपट्टी, एक बैठी इमारत, दोन-तीन विमानांना उभें राहण्यापुरतें अंगण आणि दिवसाकाठीं येणारीं एक-दोन विमानें, एवढाच त्यांचा संसार. हा लहानसा संसार जेव्हां उष्ण वाळवंटांत मांडलेला असतो, तेव्हां त्याला दोन धनी असतात. ज्या गांवासाठीं तो बांधला तें गांव हा एक धनी. आणि डोक्यावरचें ऊन हा दुसरा. या दोहोंपैकीं कोणाचें ऐकावयाचें, हा अशा विमानतळाचा खरा प्रश्न आहे, आणि आजच्या भाषणाचा विषयहि तोच आहे.

वाळवंटांतील विमानतळ ही वस्तु कांहीं फार जुनी नाहीं. परंतु ज्या संस्थेच्या जागीं ती आली, ती संस्था मात्र अतिशय प्राचीन आहे. ती म्हणजे उंटांच्या तांड्यांची सराई. सराई बांधणारे तीन गोष्टी पाहत: पाणी, सांवली आणि रात्रीची सुरक्षितता. १९३२ सालीं इराणच्या आखातावर विमानांचें ठाणें वसविण्याची वेळ आली, तेव्हां इंपीरियल एअरवेज या कंपनीलाहि याच तीन गोष्टींचा विचार करावा लागला. लंडनहून कराचीस येणारीं त्या कंपनीचीं विमानें तोंवर इराणच्या किनाऱ्यानें येत असत. ती वाट बंद झाल्यावर समोरच्या अरबी किनाऱ्यावर विसाव्याची जागा शोधणें भाग पडलें. शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांनीं जुलै १९३२ मध्यें करार केला आणि त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं ‘हॅनो’ नांवाचें विमान शारजाला उतरलें. धांवपट्टी म्हणजे सपाट केलेली वाळूची जमीन. प्रवाशांसाठीं पुढें जें विश्रांतिगृह उभें राहिलें, त्याची बांधणी एखाद्या गढीसारखी होती व त्याच्या रक्षणासाठीं शेखांचे पहारेकरी असत. चार इंजिनांचें, ताशीं सुमारें शंभर मैल जाणारें तें दुपंखी विमान तेथें उतरे, प्रवासी त्या गढींत रात्र काढीत आणि पहांटे पुन्हां मार्गस्थ होत. १९३७ सालीं या ठाण्यावर ‘एअर आउटपोस्ट’ नांवाचा एक माहितीपटहि निघाला.

मुंबईकरांचा या दूरच्या गढीशीं एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. ‘हॅनो’ शारजाला उतरल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनीं, म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूपर्यंत टपालाचें विमान आणलें. त्या विमानांत पंचवीस किलो टपाल होतें. तेव्हांपासून विलायतेचें हवाई टपाल शारजाच्या वाळूंत विसावा घेऊन, कराचीस विमान बदलून, जुहूस उतरूं लागलें. दादर-गिरगांवच्या घरांत ज्यांच्या हातीं तीं पत्रें पडलीं, त्यांच्यापैकीं फारच थोड्यांना त्या वाळवंटी मुक्कामाची कल्पना असेल. शारजाचा तो विमानतळ १९७७ सालीं बंद झाला. गांव वाढत वाढत त्याच्या भोंवतीं आलें, धांवपट्टीचा रहदारीचा रस्ता झाला आणि जुन्या इमारतींत आज ‘अल महत्ता’ हें संग्रहालय नांदत आहे.

आपल्या देशांत असा मान जोधपूरला मिळाला. १९१८ ते १९४७ पर्यंत तेथील गादीवर असलेले महाराजा उमेदसिंग यांना विमानविद्येचा मोठा नाद होता व ते स्वतः विमान चालवीत. त्यांच्या आस्थेमुळें जोधपूरचा विमानतळ लौकरच नांवारूपाला आला. १९३० नंतरच्या दशकांत इंग्रज, डच आणि फ्रेंच अशा तिन्ही कंपन्यांचीं पूर्वेकडे जाणारीं विमानें तेथें थांबत. ॲमस्टरडॅमहून बटाव्हियास निघालेला डच प्रवासी मारवाडांत उतरून पाणी पीत असे, ही गोष्ट आज कोणास सांगितली तर खरी वाटणार नाहीं. त्या काळच्या विमानांना एका दमांत फार दूर जातां येत नसे, म्हणून मरुभूमीचा मान राहिला. पुढें विमानांचा पल्ला वाढला आणि तीं मरुभूमीच्या डोक्यावरून न थांबतां जाऊं लागलीं.

वाळवंटांतून शक्य तों पहांटे निघावें ही चाल त्या जुन्या दिवसांपासूनची आहे. ती केवळ प्रवाशांना ऊन लागूं नये म्हणून पडलेली नाहीं. ऊन प्रवाशाच्या आधीं विमानालाच लागतें. हें कसें, तें थोडें समजून घेतलें पाहिजे.

विमानाला जी वस्तु उचलून धरते ती म्हणजे हवा. पंखावरून जाणारी हवा जितकी दाट, तितका तिचा आधार बळकट. हवा तापली कीं फुगते, आणि फुगली कीं विरळ होते. विमानाचे सगळे हिशोब समुद्रकांठच्या पंधरा अंश सेल्सियसच्या हवेवर बसविलेले असतात. तीच हवा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली, तर ती जवळजवळ दशांशानें विरळ होते. याचा परिणाम तीन ठिकाणीं होतो. पंखांना तितकाच आधार मिळावा म्हणून विमानाला शेंकडा पांच टक्के अधिक वेगानें धांवावें लागतें. इंजिनाच्या पोटांत हवा कमी गेल्यामुळें त्याचें बळ कमी पडतें. आणि ज्या विमानांना पुढें फिरतें पातें असतें, त्यांच्या पात्याची हवेवरील पकडहि सैल होते. वेग हवा अधिक आणि बळ मात्र कमी, अशा पेंचांत सांपडलेलें विमान धांवपट्टीवर नेहमींपेक्षां पुष्कळ लांब धांवत जातें व उचललें गेल्यावरहि सावकाश चढतें.

वैमानिकांनीं याचें एक सुटसुटीत गणित बसविलें आहे. ते उष्णतेचें रूपांतर उंचींत करतात. कारण उंच जागीं देखील हवा विरळच असते. राजस्थानांतील जैसलमेर हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २२५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यांतील दुपारीं तेथें पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, कीं या गणितानें तें ठिकाण विमानापुरतें सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर जातें. साडेचार हजार फूट म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराची उंची! महाबळेश्वरीं जाणाऱ्या माणसाला विरळ हवेबरोबर निदान गारवा तरी मिळतो. जैसलमेरच्या धांवपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला भट्टीची धग मिळते आणि विमानाच्या वांट्याला मात्र महाबळेश्वरची विरळ हवा येते. त्यांतच उन्हाळ्यांत थरच्या वाळवंटावर हवेचा दाबहि उतरलेला असतो. ज्या कमी दाबाच्या ओढीनें पुढें आपल्याकडे मोसमी वारे येतात, तोच हा दाब. त्यामुळें विमानाच्या या मानलेल्या डोंगरांत आणखी कांहीं शें फुटांची भर पडते.

यावर उपाय तीनच आहेत. धांवपट्टी लांब असावी. किंवा थंड वेळ साधावी. किंवा ओझें कमी करावें. धांवपट्टी एका रात्रींत लांबत नाहीं. थंड वेळ मात्र वाळवंट स्वतःच उदारपणें देतें. कोरड्या हवेंत ढग नसतात, रात्रीं जमिनीची उष्णता आकाशांत निघून जाते आणि पहांटेपर्यंत पारा पंधरा अंशांनीं सुद्धां खालीं येतो. म्हणून जाणते लोक सकाळच्या विमानाची वेळ पसंत करतात. तीहि चुकली तर तिसरा उपाय उरतो आणि तेथें प्रवाशाचा संबंध येतो. प्रत्येक उड्डाणापूर्वीं विमान, इंधन, सामान आणि माणसें यांच्या वजनाचा ताळा त्या वेळच्या उष्णतामानाशीं घालावा लागतो. ताळा जमला नाहीं, तर आधीं माल खालीं राहतो. मग इंधन कमी घेऊन जवळच्या मोठ्या विमानतळावर तें पुन्हां भरण्याचा विचार होतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर कांहीं प्रवाशांना मागें राहण्याची विनंति करावी लागते. अशा वेळीं विमानांत रिकामीं आसनें डोळ्यांना दिसत असतात आणि तरी जागा नाहीं असें सांगण्यांत येतें. ज्याला हवेचें हें गणित ठाऊक नसतें, त्याला ती लबाडी वाटते. आणि ज्याला ठाऊक असतें, तो निमूटपणें बाजूच्या बांकावर जाऊन बसतो.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाहीं, हें जून २०१७ मध्यें साऱ्या जगानें पाहिलें. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांतलें फीनिक्स हें वाळवंटांतील मोठें शहर आहे. त्या महिन्याच्या २० तारखेस तेथील पारा अठ्ठेचाळीस अंशांच्या वर गेला आणि चाळीसांहून अधिक उड्डाणें रद्द करावीं लागलीं. परंतु त्यांतील बारकावा पाहण्यासारखा आहे. बोइंग आणि एअरबस यांचीं मोठीं विमानें बावन्न अंशांपर्यंत चालविण्याची मुभा होती, त्यामुळें तीं उडत राहिलीं. जीं जमिनीवर खिळलीं, तीं बंबार्डियर बनावटीचीं लहान विमानें होतीं. त्यांची मर्यादा अठ्ठेचाळीस अंशांच्या किंचित् अलीकडची होती. आणि लहान विमानें जातात कोठें? तीं लहान गांवांना जातात. मोठ्या शहराहून मोठ्या शहरास जाणारा प्रवासी त्या दिवशीं आपल्या घरीं पोंचला. आडगांवीं जाणारा मात्र फीनिक्समध्येंच अडकला. उन्हाची पहिली कुऱ्हाड लहान विमानावर, आणि म्हणून लहान गांवावर पडते, हा त्या दिवसाचा धडा आहे. आपल्याकडे जोधपूर आणि जैसलमेर यांच्या वाटेवर फलोदी नांवाचें गांव आहे. १९ मे २०१६ रोजीं तेथें एक्कावन्न अंशांची नोंद झाली. तेव्हां फीनिक्सचा तो धडा आपल्याला परका नाहीं.

आतां जैसलमेरच्या विमानतळावरून जाणाऱ्या प्रवाशाची वाट कशी असते, तें पाहूं. दुपारचें विमान खालीं येऊं लागलें कीं तें हेलकावे खातें. तापलेल्या वाळूवरून गरम हवेचे लोट वर चढत असतात व त्यांच्या मधून मधून थंड हवा खालीं येत असते; विमान एका लोटावरून दुसऱ्यावर आदळतें, एवढाच त्या हेलकाव्यांचा अर्थ. भिण्याचें त्यांत कांहीं नाहीं. कमरेचा पट्टा तेवढा आंवळलेला असावा. खालीं उतरल्यावर दूर धांवपट्टीच्या टोंकाला पाणी चकाकतांना दिसतें. तें मृगजळ होय. जमिनीला चिकटलेल्या अतितप्त हवेंतून जातांना प्रकाशाची दिशा वळते आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर पसरल्याचा भास होतो. हरणाला फसविणारें हें पाणी डांबराच्या धांवपट्टीवरहि तितक्याच सहजपणें दिसतें.

मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानांतून थेट बोगद्यांत आणि बोगद्यांतून थेट इमारतींत जातो. त्याला हवेचा स्पर्शहि होत नाहीं. लहान विमानतळावर शिडी उतरावी लागते आणि अंगणांतून जावें लागतें. हवेंत पंचेचाळीस अंश उष्णता असली तर डांबरी जमीन साठ अंशांच्याहि वर तापलेली असते. ऊन डोक्यावरून कमी आणि पायांखालून अधिक लागतें. वाळवंट म्हणजे काय, तें त्या थोड्या पावलांत जितकें कळतें तितकें पुस्तकाच्या शंभर पानांनीं कळत नाहीं. एप्रिल ते जून या दिवसांत आणखी एका पाहुणीची भीति असते; ती म्हणजे आंधी. क्षितिजावर पिंवळी भिंत उभी राहते, पाहतां पाहतां ती जवळ येते आणि धांवपट्टी दिसेनाशी होते. मग आलेलें विमान आकाशांत घिरट्या घालतें किंवा जोधपूर-जयपूरकडे वळतें. अशा वेळीं रागावून कोणाला कांहीं मिळत नाहीं. वाळवंटांतून प्रवास करणाऱ्यानें सकाळचें विमान घ्यावें, पाण्याची बाटली भरलेली ठेवावी, डोकें झांकावें आणि पुढच्या गाडीची किंवा विमानाची वेळ ताणून ठेवूं नये, हें चार ओळींचें शास्त्र पुरेसें आहे.

जैसलमेरच्या विमानतळाला आणखी एक बंधन आहे. तेथील धांवपट्टी वायुदलाची असून नागरी विमानतळ हा तिचा केवळ एक कोपरा आहे. सरहद्द जवळ असल्यामुळें तेथें छायाचित्रें काढण्यास मनाई असते. मे २०२५ मध्यें पाकिस्तानशीं संघर्ष उसळला, तेव्हां उत्तर व पश्चिम भारतांतील बत्तीस विमानतळ नागरी वाहतुकीस बंद करण्यांत आले. त्यांत जैसलमेर, जोधपूर आणि बिकानेर हे तिन्ही होते. १२ मे रोजीं ते पुन्हां उघडले. त्याच महिन्यांत, सरहद्दीवरील अशा विमानतळांवर चढतां-उतरतांना खिडक्यांचे पडदे ओढून घेण्याचाहि आदेश निघाला होता. देशाच्या रक्षणापुढें प्रवाशाची सोय दुय्यम ठरते, आणि तें योग्यच आहे. परंतु युद्धाचे ते दिवस थोडे होते. जैसलमेरचा विमानतळ त्याहून कितीतरी अधिक दिवस निराळ्याच कारणानें रिकामा राहिला आहे.

ती हकीकत अशी. जैसलमेर जिल्ह्याचें क्षेत्रफळ ३८,४०१ चौरस किलोमीटर, म्हणजे सबंध गोव्याच्या दहापटींहून अधिक. २०११ च्या शिरगणतींत तेथील लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आंत भरली. वर्षाचा पाऊस वीस सेंटीमीटरांच्या आसपास. जोधपूर हें जवळचें मोठें शहर पावणेतीनशें किलोमीटरांहून दूर. अशा ठिकाणीं २०१३ च्या सुमारास एक सुंदर नवी इमारत उभी राहिली. १८० आसनांचीं तीन विमानें एका वेळीं उभीं राहतील एवढें अंगण, आणि वर्षाला तीन लाख प्रवाशांची ये-जा होईल एवढी सोय. सगळें सज्ज होतें. फक्त विमान येत नव्हतें. यजमानानें पंक्ति मांडावी आणि पाहुणाच न यावा, तसें झालें. ही स्थिति चार वर्षें चालली.

पुढें केंद्र सरकारनें ‘उडान’ नांवाची योजना काढली. तिच्यांतील पहिलें विमान २७ एप्रिल २०१७ रोजीं सिमल्याहून दिल्लीस गेलें. तासाभराच्या अंतराला अडीच हजार रुपयांचें भाडें निम्म्या आसनांवर बांधून द्यावें आणि कंपनीस येणारी तूट सरकारनें तीन वर्षें भरून द्यावी, असें तिचें सूत्र होतें. त्या योजनेमुळें २०१७ सालींच जैसलमेरला विमान येऊं लागलें. गांवाला आनंद झाला. परंतु थोड्याच दिवसांत असें दिसून आलें कीं, हें विमान पाहुण्या पक्ष्यासारखें आहे.

फलोदीजवळ खीचन नांवाचें एक खेडें आहे. तेथें दर हिवाळ्यांत मध्य आशियांतून व मंगोलियांतून कुरजा नांवाचे करकोच्याच्या जातीचे पक्षी हजारोंनीं उतरतात. गांवकरी त्यांना प्रेमानें दाणे घालतात. मार्च महिना उलटला, ऊन तापलें, कीं ते उडून जातात. जैसलमेरच्या विमानांचेंहि तसेंच झालें. विमानांचें हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारीं सुरू होतें आणि मार्चच्या अखेरीस संपतें. त्या पांच महिन्यांत सोनेरी किल्ला आणि वाळूच्या टेंकड्या पाहण्यास लोक येतात, तेव्हां विमानें भरलेलीं असतात. एप्रिल उजाडला कीं प्रवासी ओसरतात आणि विमानेंहि. बहुतेक वर्षीं उन्हाळ्यांत येथील उड्डाणें बंद तरी पडलीं, नाहीं तर अगदीं विरळ तरी झालीं.

येथें श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. उन्हाळ्यांत विमान येत नाहीं, याला मघाशीं सांगितलेलें विरळ हवेचें कारण अपुरें आहे. आजचें मोठें विमान पन्नास अंशांपर्यंत उडूं शकतें. पहांटेची वेळ साधली तर लहान विमानालाहि अडचण नसते. विद्येनें उन्हाशीं बऱ्याच अंशीं तडजोड केली आहे. ज्याला उन्हाशीं तडजोड करतां आली नाहीं, तो व्यवहार होय. विमानाला उन्हाळा सोसतो. हिशोबाच्या वहीला तो सोसत नाहीं.

आणि उन्हाळ्यांत प्रवासाची खरी गरज कोणाला असते? पाहुण्यांना नव्हे, हें उघड आहे. गरज असते ती गांवांतच राहणाऱ्यांना. जोधपूरच्या किंवा दिल्लीच्या इस्पितळांत न्यावयाचा रोगी, सुट्टींत घरीं येणारा विद्यार्थी, सरहद्दीवरच्या जवानाला भेटण्यास निघालेली त्याची म्हातारी आई, परीक्षेस किंवा मुलाखतीस जाणारा तरुण, यांना मे महिना टाळतां येत नाहीं. डिसेंबरमध्यें जें अंतर आकाशांतून तासाभरांत कापलें जातें, तेंच मे महिन्याच्या लू मध्यें रस्त्यानें किंवा रेल्वेनें कापावें लागतें. १९६५ च्या युद्धानंतर रेल्वे जैसलमेरपर्यंत आली, ती मुख्यतः लष्करी निकडीनें आली. परंतु एकदां आल्यावर ती बाराहि महिने धांवली आणि म्हणून ती गांवाची झाली. विमान अद्याप गांवाचें झालेलें नाहीं. तें पाहुण्यांचेंच राहिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, जेथें प्रवासी नाहींत तेथें विमान कोणी चालवावें? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उष्ण अंतर्भागानें देऊन ठेविलें आहे. क्वीन्सलंडमध्यें चार्लव्हिल ते क्लॉनकरी अशी टपालाची हवाई वाट क्वांटास कंपनीनें २ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुरू केली. दक्षिण गोलार्धांत नोव्हेंबर म्हणजे उन्हाळ्याचें तोंड. आणि क्लॉनकरी तर त्या खंडांतील अत्यंत तापणाऱ्या गांवांपैकीं एक. तरी सुरुवात त्याच वेळीं झाली. त्या वाटेवरचे पहिले प्रवासी अलेक्झांडर केनेडी हे चौऱ्यायशीं वर्षांचे वृद्ध गृहस्थ होते आणि ते त्याच मुलुखांतले जुने रहिवासी होते. विमान आलें तें पाहुण्यांसाठीं नव्हे, तर तेथें राहणाऱ्यांसाठीं, आणि त्याच्या पाठीशीं सरकारचें टपालाचें अर्थसाहाय्य होतें. पुढें १७ मे १९२८ रोजीं त्याच क्लॉनकरीहून जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या खटपटीनें डॉक्टरला घेऊन जाणारें विमान प्रथम निघालें. दूरदूरच्या कुरणांवरील रोग्यांकडे वैद्य विमानानें नेणारी ती संस्था आजहि चालू आहे. त्या मुलुखांत माणसें जैसलमेरपेक्षांहि विरळ होतीं. फरक संख्येचा नव्हता, दृष्टीचा होता. प्रवासी किती, हा प्रश्न तेथें दुसरा आला. अंतर किती, हा पहिला.

जैसलमेरसारख्या गांवानें रोज मोठें विमान मागावें, असें याचें तात्पर्य नाहीं. उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां, सूर्य वर येण्यापूर्वीं, उष्णता सोसणारें लहान विमान आलें आणि गेलें, तरी त्या गांवाचें काम होण्यासारखें आहे. सरकारी साहाय्य जर द्यावयाचेंच आहे, तर तें हिवाळ्यांतील भरलेल्या आसनांपेक्षां उन्हाळ्यांतील रिकाम्या आसनांकडे वळवावें. भरलेलें विमान आपला खर्च आपणच काढतें. आधार लागतो तो रिकाम्याला.

याचा वस्तुपाठ जैसलमेरच्याच वेशीवर उभा आहे. चौदाव्या शतकांत महारावल गडसी यांचें नांव लाभलेला गडीसर तलाव तेथें आहे. कित्येक शतकें सारें गांव त्याचेंच पाणी प्यालें. पाऊस थोडे दिवस पडे. तेवढ्या दिवसांत दूरदूरच्या ओघळींचें पाणी वळवून तेथें सांठवीत. भरल्या पावसाळ्यांत त्या तलावाची कोणालाच निकड नव्हती. त्याची परीक्षा होत असे ती वैशाखांत, जेव्हां दुसरीकडे कोठें थेंब उरत नसे. ज्यांनीं तो बांधला, त्यांनीं तो उन्हाळ्यासाठीं बांधला. मरुभूमींत जें जें टिकलें, तें तें उन्हाळ्याचा विचार करून बांधलेलें आहे. जाड भिंतींचीं घरें, अरुंद गल्ल्या, खोल विहिरी, सारें तसेंच. त्या मालिकेंत सर्वांत नवा आहे तो विमानतळ. त्याची धांवपट्टी लांब आहे, इमारत प्रशस्त आहे, हिवाळ्यांत त्याच्या दारीं गर्दीहि होते. परंतु तो त्या गांवाचा झाला कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर तेथें मे महिन्यांत जावें, पहांटे पांच वाजतां.